मुलाची ताकद रक्तातूनच येते का? 'स्पोर्ट्स जीन टेस्ट' कोणी केलीय का? (वडोदरा)

दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी, थोडं लांब होणार आहे, चालवून घ्या.

मुलगा ८वीत आहे, नुकताच तेराचा झाला. लहानपणापासून घराजवळच्या आखाड्यात मल्लखांब आणि दोरीला जातो, आणि मनापासून जातो, उत्तरायणाला अख्खं गाव गच्चीवर असतं तेव्हा हा आधी आखाडा करून येतो आणि मग फिरकीला हात लावतो. तंत्र चांगलं आहे असं वस्तादही म्हणतात. पण यावर्षी त्याच्या वर्गातला एक मित्र यायला लागलाय, वय तेच, दोनतीन महिने इकडेतिकडे, त्याला मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय आणि तो पोरगा पाय न लावता नुसत्या हातांवर दोरीच्या टोकापर्यंत जातो. आमचे चिरंजीव अर्ध्याच्या वर गेले की लोंबकळतात. पंजा लढवला की लगेच खाली. घरी काही बोलत नाही, पण आरशासमोर दंड फुगवून बेडकी येते का बघताना दिसतो कधीकधी.

आमचे बाबा म्हणतात आपल्या घराण्याचं हाडच बारीक, पिढ्यानपिढ्या गायकवाडांच्या दफ्तरात लेखणी चालवली, आता पैलवान कुठून निघणार. हिचं म्हणणं मुलगा मामावर गेलाय, मामा धिप्पाड आहे, तर होईल वेळ आली की. त्यात आमच्या रस्त्यावर नवीन जिम उघडलीय, तिथे थुंकीची टेस्ट करून देतात, रिपोर्टमधे म्हणे लिहूनच येतं की मूल ताकदीच्या खेळाचं आहे की दमाच्या, म्हणजे आत्तापासून त्या लाइनीत घालता येतं. पैसे चांगलेच लागतात.

तर ताकद खरंच किती वारशाने येते, या टेस्टला काही अर्थ आहे का, आणि जाताजाता, या वयात वजनं उचलली तर उंची खुंटते हे खरं का? कोणाला माहिती असेल तर नीट सांगा, व्हॉट्सॅपवरचे फॉरवर्ड नकोत, ते सगळे बाबांकडून मिळतातच.

जोरबैठक

टेस्टचे पैसे दुधात, केळ्यात आणि शेंगदाण्यात घाला, विषय संपला. व्यायामासाठी आयुष्य घालवलेल्या प्रोफेसर माणिकरावांच्या गावात राहून तुम्ही थुंकीवर पैलवान ठरवायला निघालात म्हणजे कमाल आहे. कमाटीबागेतल्या म्युझियममधे गामा पैलवानाचा दगड ठेवलाय, १९०२ साली उचलला, १२०० किलोचा, पोराला नेऊन दाखवा एकदा. गामाची कोणी जीन टेस्ट केली होती? पहाटे उठून जोर, बैठका आणि खुराक, बाकी सगळे धंदे आहेत. लेखणीवाल्यांच्या घरातली किती पोरं मी अंगाने तयार झालेली बघितलीत.

पेशीवाला

सयाजीराव युनिव्हर्सिटीत जीवशास्त्र केलं, आता पोटासाठी लॅबमधे डीएनएचंच काम करतो (टेस्ट विकत नाही, आधीच सांगून ठेवतो).

वारसा आहे, भरपूर आहे, जोरबैठक काका कितीही रागावले तरी. हे मोजायची जुनी रीत म्हणजे जुळी मुलं. एकसारख्या जुळ्यांची सगळी जनुकं सारखी आणि वेगळ्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच, मग एकसारख्या जोड्यांची ताकद एकमेकांशी किती जास्त जुळते ते बघायचं. बेल्जियममधे लूवेनला अशा जवळपास शंभर जोड्या १० व्या वर्षापासून १८ व्या वर्षापर्यंत पुन्हापुन्हा मोजल्या, हाताने ओढण्याची ताकद, जागेवरून उंच उडी वगैरे. स्वीडनमधे तर सैन्यभरतीला आलेल्या दहा लाखांवर तरुणांची हाताची पकड, कोपर वाकवायची ताकद, गुडघा सरळ करायची ताकद असं सगळं नोंदलेलं होतं, त्यात भाऊ-भाऊ आणि जुळे शोधून हिशोब केला. वेगवेगळ्या अभ्यासात आकडा बराच वरखाली होतो पण एकूणात साधारण निम्म्याच्या आसपास येऊन थांबतो.

आता हा निम्मा म्हणजे काय ते नीट घ्या, कारण इथेच सगळे गडबडतात. तुमच्या मुलाच्या ताकदीतली अर्धी आजोबांची आणि अर्धी आखाड्याची असं नाहीये. शंभर मुलं उभी केली तर त्यांच्यात कोण जास्त कोण कमी असा जो फरक दिसतो, त्या फरकातला साधारण निम्मा जनुकांमुळे, एवढंच. एकट्या मुलाला हा आकडा लावताच येत नाही. आणि आकडा परिस्थितीप्रमाणे बदलतो, सगळी शंभर मुलं एकाच हॉस्टेलमधे सारखं जेवून सारखा व्यायाम करायला लागली तर उरलेला फरक जास्त करून जनुकांचाच दिसेल. उलट निम्म्यांना पोटभर मिळत नसेल तर जनुकं मागे पडतील आणि जेवण दिसेल.

अजून एक, लूवेनच्या मुलांमधे दिसलं की दहाव्या वर्षी जे जनुकीय घटक ताकदीवर काम करतात तेवढेच अठराव्या वर्षी नसतात, मधे वयात येताना नवीन भर पडते. म्हणून तेराव्या वर्षी पंजा हरला यावरून घराण्याचा निकाल लावू नका.

टेस्टचं म्हणाल तर त्यात बहुतेक एसीटीएन३ नावाचं जनुक बघतात. वेगाने आकसणाऱ्या स्नायूतंतूंमधे एक प्रोटीन असतं ते हे जनुक बनवतं, आणि जगात साधारण पाचातल्या एका माणसात ते प्रोटीन अजिबात बनत नाही, आपल्या आशियात थोडं जास्तच. अशी माणसं आजारी नसतात, त्यांना पत्ताही नसतो. सिडनीच्या कॅथरिन नॉर्थ यांच्या गटाने २००३ मधे दाखवलं की वरच्या दर्जाच्या स्प्रिंटर्समधे असे लोक फार कमी सापडतात, झालं, तेव्हापासून 'स्पीड जीन' म्हणून बाजार सुरू. प्रत्यक्षात सामान्य लोकांच्या धावण्याच्या वेगातल्या फरकाचा दोनतीन टक्के हिस्सा त्याने समजतो. स्पेनच्या एका ऑलिंपिकमधल्या लांब उडीवाल्यामधे हे प्रोटीन शून्य होतं आणि गडी ८ मीटरच्या पुढे उडी मारायचा. त्याला लहानपणी ही टेस्ट करून कोणी मॅरेथॉनला पाठवला असता म्हणजे?

ताकद एका जनुकात बसलेलीच नाही. २०१७ मधे जवळपास २ लाख लोकांची हाताची पकड आणि डीएनए एकत्र तपासले तेव्हा डीएनएवर ताकदीशी जोडलेल्या १६ जागा सापडल्या, पुढच्या अभ्यासांत अजून सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. ते लोक पण बहुतेक चाळिशी-साठीचे युरोपियन, तुमचा मुलगा तेराचा आणि दांडियाबाजारचा. २०१५ मधे या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन स्पष्ट लिहून ठेवलंय की मुलांचा खेळ किंवा ट्रेनिंग ठरवायला अशी टेस्ट कोणी वापरू नये. जिमवाल्याला एवढंच विचारा की रिपोर्ट चुकला तर पैसे परत का.

एकाच जनुकाने खरोखर ताकद बदलली अशी उदाहरणं आहेत, पण ती अगदी दुर्मिळ. जर्मनीतला एक मुलगा, २००४ मधे त्याच्यावर पेपर आला, स्नायूंची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन त्याच्या शरीरात बनतच नव्हतं. साडेचार वर्षांचा असताना दोन हात आडवे लांब करून दोन्हीत ३-३ किलोचे डंबेल धरायचा. त्याची आई पूर्वी व्यावसायिक धावपटू होती, आणि आजोबा बांधकामावर फुटपाथच्या कडेचे दगड हाताने उतरवायचे. घराणं म्हणतात ते असं असतं. पण असं मूल ओळखायला थुंकी लागत नाही, जन्मतःच मांड्या बघून डॉक्टर चाट पडले होते.

दांडियाबाजारवाला

वा, इतकं कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पण मग घोडं अडलंय कुठे? जनुकं निम्मी म्हणता, खाणं आमच्याकडे बरं आहे, व्यायाम मित्रापेक्षा कितीतरी जास्त, तरी तो मित्र येऊन महिन्याभरात पुढे कसा जातो?

पीटी_सर_रावपुरा

कारण तो तेराचा नाहीये. जन्मदाखल्यावर तेराचा आहे, अंगाने पंधराचा असेल. आणि तुमचा मुलगा अंगाने बाराचा असू शकतो. दोघांत सरळ दोनतीन वर्षांचं अंतर, आणि स्पर्धा चाललीय एकाच दोरीवर.

शाळेत इतकी वर्षं मुलं बघतोय, ७वी ते ९वी हा काळ सगळ्यात फसवा. मुलांची उंची झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाच्या सुमारास, मुलींची बाराच्या, पण ही सरासरी झाली, कोणी वर्षभर आधी कोणी वर्षभर नंतर, काही त्याहून लांब. आणि ताकदीची उडी उंचीच्या उडीच्या मागून येते, काही महिने ते वर्षभर मागे. आधी मुलगा नुसता ताडमाड होतो, हातपाय लांब, कपडे आखूड, आणि त्या काळात कालपर्यंत येणारी गोष्ट सुद्धा येईनाशी होते कारण हाताची लांबी आणि अंगाचं वजन बदललेलं असतं. मग टेस्टोस्टेरॉन कामाला लागतं आणि स्नायू भरतात. मिसरूड फुटलेला मित्र त्या पायरीवर पोचलाय, तुमचा अजून जिन्याखाली आहे.

आता गंमत म्हणजे वयात कधी यायचं हे सुद्धा बऱ्याच अंशी वारशानेच ठरतं. म्हणजे ८वीच्या वर्गात तुम्हाला जनुकांचा जो सगळ्यात ढळढळीत परिणाम दिसतोय तो ताकदीच्या जनुकांचा नाहीच, घड्याळाच्या जनुकांचा आहे. तुम्ही स्वतः किंवा मामा, कोणाला दाढी उशिरा आली, कोण ११वीत अचानक उंच झालं, हे घरात विचारा. फुकटची टेस्ट आहे आणि जिमवाल्यापेक्षा जास्त सांगेल.

एक करा, दर तीन महिन्यांनी उंची घ्या, दाराच्या चौकटीला टाचा लावून, नेहमी सकाळीच, संध्याकाळपर्यंत माणूस थोडा दबतो. दोन वेळच्या मापात एकदम मोठी वाढ दिसायला लागली की समजा गाडी सुटली.

वजनांचं, उंची खुंटते हे आपल्याकडे घराघरात ऐकायला मिळतं पण नीट शिकवणारा समोर असेल आणि 'जास्तीत जास्त किती उचलतोस बघू' हा प्रकार नसेल तर तसं काही होत नाही. वयात येण्याआधी सुद्धा व्यायामाने ताकद चांगली वाढते, फक्त बेडकी दिसत नाही, कारण त्या वयात स्नायू जाड होत नाही, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम सुधारतो. आरशाला सुटी द्या म्हणावं.

दोरीचं, लोंबकळतो म्हणालात त्यावरून सांगतो, बहुतेक मुलं वरचा हात टाकताना खालचं कोपर पूर्ण सरळ होऊ देतात, मग पुन्हा वाकवायलाच सगळी ताकद जाते. हात फार लांब टाकायचा नाही, कपाळाच्या जरा वर. सध्या त्याला पाय लावून वर जाऊ दे आणि उतरताना पाय सोडून नुसत्या हातांवर सावकाश, मोजत मोजत उतरू दे. उतरताना जी ताकद लागते तिनेच चढायची ताकद तयार होते. तळहात सोलवटेपर्यंत नको, सरकायचं नाही, एक एक हात.

मांजलपूरची_ताई

सगळे मुलग्यांचंच बोलताय म्हणून लिहिते. माझ्या दोन मुली जुळ्या, वेगळ्या जुळ्या, रंगरूपापासून काही जुळत नाही. एकीला ६वीत पाळी आली, दुसरीला ७वी संपता संपता. मधल्या काळात पहिली खोखोत दुसरीला अक्षरशः ढकलून द्यायची, गोळाफेकीत तर विचारू नका, आणि दुसरीने एक दिवस जाहीर केलं की मी नाजूक आहे, मी चित्रकला करणार. आता १०वीत दोघींची पकड सारखीच, पाण्याची बाटली उघडायला दोघी माझ्याकडेच येतात हा भाग वेगळा.

सर, एक प्रश्न, मुलींना अशी ताकदीची उडी येते का? आमच्याकडे वय वाढलं तसं मैदानच सुटलं.

पीटी_सर_रावपुरा

ताई, मुलांसारखी एकदम उडी येत नाही, हळूहळू चढत जाते. ८-१० वर्षांपर्यंत मुलगा-मुलगी ताकदीत जवळपास बरोबरीचेच असतात, फाटा फुटतो तो वयात येताना. पण मुलींच्या बाबतीत शेवटी तुम्ही लिहिलंत तेच खरं कारण मला जास्त दिसतं, ९वीनंतर मैदान सुटतं, ट्यूशन लागते, आणि मग लोक म्हणतात मुलींच्या अंगात ताकदच नसते. वारशाला उगाच बोल.

डॉ_कारेलीबाग

बालरोगवाला आहे, दोन गोष्टी.

पहिली, दंड बारीक म्हणजे दुबळा असं नाही आणि गुटगुटीत म्हणजे दणकट असंही नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून आसपासच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवलाय, त्यात आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आतबाहेर, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्यामानाने टिकलेली आणि कमी पडलेले ते स्नायू. म्हणजे आजोबा ज्याला घराण्याचं बारीक हाड म्हणतात त्यातलं काही पोटात असतानाच्या पोषणातून आलेलं असू शकतं, रक्तातून नव्हे. त्यावर आता इलाज नाही पण पुढचं हातात आहे. डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं, आणि रविवारी सेवउसळीऐवजी असं मी म्हणणार नाही, माझ्या घरी ऐकत नाहीत. उन्हात खेळणं महत्त्वाचं, ड जीवनसत्त्व कमी असलेली मुलं माझ्याकडे रोज येतात, या भरउन्हाच्या गावात.

दुसरी, इथे वाचणाऱ्या लहान मुलांच्या आईबापांसाठी. कमी ताकद बहुतेक वेळा नुसती कमी असते, पण मूल जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल, वारंवार पडत असेल, जिना चढताना कठडा ओढत असेल, पोटऱ्या मात्र फुगीर दिसत असतील, तर वाट बघू नका. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा डुशेन प्रकार असा सुरू होतो, बहुतेक मुलग्यांमधे, साधारण ५ वर्षांच्या आत लक्षात येतो, आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने बरेचदा आईकडून येतं. रक्तातली सीपीके ही साधी तपासणी आधी होते. फुगलेल्या पोटऱ्या बघून 'काय पैलवान आहे' म्हणून कौतुक करणारे नातेवाईक मी पाहिलेत. असा संशय असेल तिथे जीन टेस्टला खरा अर्थ असतो आणि ती डॉक्टर लिहून देतात, जिम नव्हे.

दांडियाबाजारवाले, तुमच्या मुलात तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही वाटत नाही, दोरी अर्धी चढणारा मुलगा माझ्या ओपीडीचा नाही.

जोरबैठक

डॉक्टरसाहेबांशी सहमत. बाकी घड्याळाची जनुकं वगैरे ठीक आहे, पण गामाचं काय? दगडाला उत्तर द्या.

पेशीवाला

काका, दगडाचं वजन मी केलेलं नाही. एवढंच सांगतो की जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मधे २६७ किलो डोक्यावर घेतले तो आजपर्यंतचा विक्रम आहे, तेव्हा १२०० किलो डोक्यावर तर नक्की नाही, अंगावर घेऊन हलवला असेल तर ती गोष्ट निराळी. पण गामा तुमच्या बाजूचा साक्षीदार नाहीच मुळी. वडील पैलवान, ते लवकर गेले तर आईचे वडील पैलवान त्यांनी सांभाळला, मामा पैलवान, सख्खा भाऊ इमामबक्ष पैलवान, पुतण्या भोलू पैलवान. आता यात रक्त किती आणि लहानपणापासूनचा हौदा, तोच खुराक, तेच वस्ताद किती, हे कसं वेगळं काढणार? एका घरातली माणसं बघून ते निघत नाही, म्हणून तर बेल्जियमच्या लोकांना जुळी शोधत फिरावं लागलं.

जोरबैठक

म्हणजे खुराक होताच. मी तेच म्हणत होतो.

दांडियाबाजारवाला

सगळ्यांचे आभार. बाबांना विचारलं दाढी कधी आली, तर म्हणाले कॉलेजात गेल्यावर, आणि वर म्हणाले म्हणजे काय, तुझीही तशीच. हिला वाचून दाखवलं, ती म्हणते मामाला मात्र ८वीतच आली होती, तर आता घरात नवीन वाद चालू. जिमवाल्याला टेस्ट नको म्हणून सांगून टाकलंय.

सर, शेवटचं. खेल महाकुंभचा (गुजरात सरकारच्या क्रीडास्पर्धांचा) फॉर्म आलाय, अंडर-१४. तो मित्र भरतोय. याने भरावा का, की एक वर्ष थांबू? हरला तर सोडून देईल अशी भीती वाटते.

पीटी_सर_रावपुरा

भरा. पण ताकदीच्या प्रकारात नको, गोळाफेक वगैरे मित्रालाच द्या, तिथे अंगाने मोठी मुलंच पुढे असणार, वयोगट जन्मतारखेवर ठरतो, मिशीवर नाही. तुमच्या मुलाचं अंग हलकं आणि तंत्र चांगलं म्हणताय तर योगासनं बघा, जिथे स्वतःचंच अंग पेलायचं असतं. आणि आखाड्यात वस्तादांना सांगून त्या दोघांना दोरीवर एकत्र लावणं बंद करा काही दिवस, जोडी अंगाने बरोबरीच्या मुलाशी लावायची. बऱ्याच वस्तादांना हे सांगावं लागत नाही, तरी सांगा. फॉर्मवर, आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख एकच आहे ना ते बघा, वेगळी असेल तर आधी ती दुरुस्त करून घ्या, दरवर्षी त्यावरूनच चारपाच फॉर्म परत येतात.